अकरावं नाव

मंडळी, या पानावरचे अनुभव मी रोज वाचतो. सकाळच्या चहाबरोबर. आणि वाचून झालं की बायकोला म्हणतो, "बघ, अजून एक फेकाड्या." तेव्हा आज माझं वाचून कुणी तेच म्हणालं तर मी रागावणार नाही... तेवढा हक्क तुम्हाला आहेच. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही तो शब्द माझ्या तोंडात नीट बसत नाही. आणि हे मी घाबरलो म्हणून लिहीत नाहीये, लाज वाटते म्हणून लिहितोय. घरात सांगायची सोय नाही, कारण ज्यांना सांगायचं त्यांच्याशीच मी खोटं बोललोय.

आधी माझी ओळख. मी द्रोणागिरीला एका कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे. आमच्याकडे गेटवर नोंद झाल्याशिवाय माशीसुद्धा आत येत नाही. कोण आलं, किती वाजता आलं, किती वाजता गेलं — सगळं कागदावर. पंचवीस वर्षं हेच केल्यावर माणसाचं डोकंही तसंच होतं. जे नोंदीत नाही ते आलंच नाही.

राहायला कामोठ्यात. जातीने आगरी, मूळ गाव उलव्याच्या बाजूचं. आता गावाच्या चारी बाजूंना टॉवर झालेत आणि डोक्यावरून विमानं जातात, पण गाव अजून गावच आहे. तिथे आमच्या जुन्या घरात हिराआत्या राहते. माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर वर्षभरातच विधवा होऊन परत आली ती कायमची. आईवडील मिठागरावर जायचे, तेव्हा मला सांभाळलं ते आत्यानेच. म्हणजे तसं पाहिलं तर मी तिच्या मांडीवरचाच.

हिराआत्या धवलारीण आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो — आमच्याकडे लग्नात धवला गातात, आणि तो गाणारी बाई ती धवलारीण. लग्नातले बरेचसे विधी तिच्या गाण्यावर चालतात. हळद लागायच्या आधी ती देवांना बोलावते आणि मग घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. ये रे अमक्या, मांडवाला ये. नाव घेतलं नाही तर ते माणूस वेशीवर थांबून राहतं, अशी समजूत. आत्याला आमच्या घराण्याची सगळी नावं पाठ. गावातली अर्धी लग्नं तिच्या तोंडून लागलीत.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

माझी मुलगी प्राची हिचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा, घर शिकलेलं, विहीणबाई निवृत्त शिक्षिका. बोलणं हळू, कपडे साधे, पण इस्त्री कडक. पहिल्या भेटीतच मी दबलो. आणि आमची हळद कशी असते ते नवी मुंबईत कुणाला सांगायला नको... सगळा गाव, डीजे, मटण, पहाटेपर्यंत नाच. त्यात आत्या मध्यभागी पाटावर बसणार, दातांना मिशेरी, पुढ्यात पितरांच्या नावाने ओतलेली थोडी दारू, आणि तीन-तीन तास खड्या आवाजात धवला. मला डोळ्यांसमोर विहीणबाईंचा चेहरा दिसायला लागला.

मग मी शक्कल लढवली. पनवेल सोडून जुन्या हायवेने पुढे गेलं की ते मोठे पार्क लागतात, एक पाण्याचा आणि एक झुल्यांचा. सुट्टीच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्या पार्कांच्या मागे, टेकडीच्या आडोशाला, एक भारी रिसॉर्ट आहे. वीसेक व्हिला, मध्ये कमळाचं तळं, स्टाफ कुजबुजल्यासारखा बोलतो. खोलीत कार्ड ठेवलेलं — शांतता हीच आमची सेवा. स्पीकरला बंदी. मी म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. हळद तिथेच करायची, शुक्रवारी, चाळीस माणसांत, आणि गावातून कुणालाही न बोलावता. लग्न रविवारी पनवेलच्या हॉलमध्ये, तिथे सगळे येतीलच.

आणि आत्या? आत्याला मी सांगितलं की हळद शनिवारी संध्याकाळी आहे, कामोठ्याला, आपल्या घरी. म्हणजे शनिवारी प्राचीला पुन्हा थोडी हळद लावायची, आत्याला गाऊ द्यायचं, गावच्या चार बायका बोलवायच्या, की तिचं समाधान. बायको संगीता एवढंच म्हणाली, "हळद एकदाच लागते हो." मी तिला म्हटलं, तू टेन्शन घेऊ नकोस, मी मॅनेज करतो. प्राचीने विचारलं की आत्याआजी रिसॉर्टवर येणार ना, तर तिला सांगितलं की तिला प्रवास झेपत नाही. आत्या अजून डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन दोन जिने चढते.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिथे पोचलो. खरंच सुंदर जागा. मी व्हिलाच्या ओट्यावर बसून चहा पीत होतो आणि मनात म्हणत होतो, वा, याला म्हणतात लेव्हल. फक्त एक गोष्ट होती — वारा फिरला की टेकडीपलीकडून झुल्यांवरच्या पोरांच्या किंकाळ्या यायच्या. लांबून, बारीक. मग वारा पडला की पुन्हा सगळं चिडीचूप.

अकराच्या सुमारास तरुण मंडळी आणि बरेचसे पाहुणे पार्कात गेले. संगीता आणि प्राची मेंदीवालीकडे. मी डेकोरेशनवाल्यांच्या मागे. विहीणबाई एकट्याच राहिल्या, त्यांना झुल्यांचं वावडं. त्या डायरी घेऊन तळ्याच्या पलीकडे गेल्या. त्यांना सवय आहे, दिसेल ते लिहून ठेवायची. झाडांची नावं, रेसिपी, सगळं.

चार वाजता हळदीची तयारी झाली. पिवळी फुलं, पिवळे कपडे, इव्हेंटवाल्या मुलीने काचेच्या वाडग्यात तयार हळद आणलेली, तिला गुलाबपाण्याचा वास. विहीणबाई माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "अहो, त्या धवलारीण आजी कुठे दिसत नाहीत? त्यांच्याशिवाय सुरू करायचं का?"

मला वाटलं प्राचीने काहीतरी सांगितलं असेल. मी गुळमुळीत हसलो. तर त्या सांगू लागल्या की दुपारी तळ्यापलीकडच्या पायरीवर त्या आजी बसल्या होत्या. हिरवं लुगडं, अंगठ्याएवढं कुंकू, डाव्या हाताचं एक बोट अर्धं. हळू आवाजात गात होत्या. विहीणबाई शेजारी जाऊन बसल्या, तासभर ऐकत राहिल्या. मध्येच पार्कातून किंकाळ्या आल्या की आजी तळहात वर करून थांबायच्या, म्हणायच्या, पोरा खेलतान, खेलू दे. आवाज विरला की पुढचं नाव.

विहिणीने कपाळभर कुंकू लावलेली विधवा बाई पाहिली, यावर कुणी बोट ठेवेल म्हणून सांगतो. धवलारीण मांडवात बसली की आमच्याकडे तिला कुंकू लावतात, विधवा असली तरी. आत्याला ते तेवढ्यापुरतंच लागतं. आणि तिचं बोट मिठागरात पाणी घ्यायच्या उघाडीच्या फळीत गेलं, मी लहान असताना.

"किती छान पद्धत आहे तुमच्याकडे," विहीणबाई म्हणाल्या. "मी सगळी नावं लिहून घेतली, त्यांनीच सांगितली. चुकली असतील तर बघा." आणि त्यांनी डायरी माझ्या हातात दिली.

शिक्षिकेचं अक्षर, मोत्यासारखं. एक ते अकरा आकडे घातलेले. गोमा. पदाजी. चांगुनाबाई. कान्हा. तुळशीबाई... आठवं माझ्या वडिलांचं, नववं आईचं, दहावं माझ्या काकांचं. आमचंच घराणं, ओळीने, जसं आत्या घेते तसं. प्राचीला आजोबांच्या पुढचं एकही नाव माहीत नाही. संगीताला तीन-चार माहीत असतील. अकरावं नाव मात्र मलाही ओळखीचं नव्हतं. रतन.

मी विचारलं की हे कोण, तर विहीणबाई म्हणाल्या, "मीही विचारलं. त्या नुसत्या हसल्या. म्हणाल्या, ह्यो लहान हाय, त्याला शेवटी हात धरून आनायला लागतो." मग म्हणाल्या, "मी त्यांना म्हटलं जेवून जा. तर म्हणाल्या, मना कुनी थांब बोल्ला नाय."

बोलणं थेट आत्याचंच होतं. तरी डोकं यार्डातलंच. मी सरळ गेटवर गेलो. रजिस्टर पाहिलं. आमच्या गाड्या, डेकोरेशनचा टेम्पो, मेंदीवाली, फुलवाला. म्हातारी बाई नाही. गार्ड म्हणाला की पायी तर इथे कुणी येतच नाही. तळ्याच्या बाजूला कॅमेरा आहे का विचारलं, तर नाही, पाहुण्यांची प्रायव्हसी.

मग गावी सुमनला फोन लावला. आत्याची शेजारीण. मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं की आत्या कुठेय. सुमन म्हणाली, "हितंच हाय ना. सकालपास्नं जात्यावर बसलीय. प्राचीची हलद दलतंय." मी विचारलं, दुपारी कुठे गेली होती का? "खय जाते? गात बसलीय कवापास्नं. देऊ काय तिला फोन?"

मी नको म्हटलं आणि फोन ठेवला.

आता तुम्ही म्हणाल, मग तू काय केलंस? तेच तर सांगायला बसलोय. तिथून उलवं काही सातासमुद्रापार नाही. गाडी काढून दोन-अडीच तासांत आत्याला आणता आलं असतं. चाळीस माणसं थांबली असती, सरबत पीत. मी थोडा वेळ पार्किंगमध्ये उभा राहिलो, किल्ली हातात. मग मनात आलं की विहीणबाईंना काय सांगणार — दुपारी येऊन गेलेली बाई आता पुन्हा येतेय? मी आत गेलो, डायरी परत दिली आणि म्हणालो, "हो, आमच्या आत्याच त्या. त्यांना घाई होती, गेल्या." आणि त्या गुलाबपाण्याच्या हळदीचा पहिला हात मीच माझ्या मुलीच्या गालाला लावला. सगळ्यांनी हळूच टाळ्या वाजवल्या. टेकडीपलीकडे पोरं किंचाळत होती.

शनिवारी संध्याकाळी कामोठ्याच्या घरी आत्या आली. फडक्यात बांधलेली हळद, घरी दळलेली, अजून थोडी भरड. गावच्या पाच-सहा बायका. प्राचीला पाटावर बसवलं. आत्याने तिचा हात हातात घेतला, आणि मी पाहिलं की ती प्राचीच्या नखांकडे बघतेय. हळद एका दिवसात जात नाही. नखांच्या कडांना, कानामागे पिवळं होतं. आत्याने ती बोटं क्षणभर धरून ठेवली, मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. लहानपणी मी खिशात चिंचा लपवून 'नाही' म्हणायचो तेव्हा बघायची तसं. आणि पदर खोचून गायला बसली.

देवांना बोलावून झालं. मग माणसं. गोमा, पदाजी, चांगुनाबाय... मला क्रम पाठ झाला होता. मध्येच सोसायटीवरून विमान गेलं. आत्याने तळहात वर केला, थांबली. आवाज विरला, पुढचं नाव. माझे वडील. आई. काका. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले की आत्या आता इथेच थांबू दे.

"ये रे माज्या रतना," आत्या म्हणाली, "बहिनीच्या मांडवाला ये."

हळद लागली, बायका जेवायला बसल्या, तेव्हा मी आत्याला बाल्कनीत गाठलं. विचारलं, ते शेवटचं नाव कुणाचं?

आत्या म्हणाली, "तुज्या पोराचा."

हे मला लिहायला जड जातंय, पण अर्धवट सांगण्यात अर्थ नाही. प्राचीच्या आधी आम्हाला एक मुलगा झाला होता. नऊ दिवस जगला. संगीता तापाने वेगळ्या वॉर्डात होती. मी नोकरीत नवीन, ड्युटी सोडली नाही, तीनदा जाऊन काचेतून पाहून आलो. नऊही दिवस त्याच्यापाशी बसली होती ती आत्या. डॉक्टरांनी आशा सोडल्यावर मी तिला बजावलं होतं की त्याला नाव ठेवू नका, नाव ठेवलं की जास्त जड जातं. तो गेला तेव्हा खाडीच्या कडेला त्याला पुरलं, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचा विषय निघाला नाही. प्राचीलाही माहीत नव्हतं.

"तू नको बोल्लास म्हनून कुनाला सांगितला नाय," आत्या म्हणाली. "कानात बोल्लू त्याच्या. बिननावाचा कसा जाल पोर? आन मांडव आला तं त्याला काय म्हनून बोलावनार?" मग म्हणाली, "प्राचीच्या लग्नाचीच वाट बघत व्हतू. तो लहान, त्याला शेवटी आनायचा."

म्हणजे एवढी वर्षं तिने ते नाव धरून ठेवलं होतं, या एका दिवसासाठी. आणि तो दिवस मी तिच्यापासून चोरला होता.

मागे संगीता उभी होती, हातात भाताचं पातेलं. तिने सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "नाव ठेवलं होतं त्याला?" आणि आत निघून गेली. 

रविवारी हॉलमध्ये मी सकाळपासून एकच काळजी करत होतो, की विहीणबाई आणि आत्या समोरासमोर येऊ नयेत. आत्याला पहिल्या पंगतीला बसवून लवकर गावी पाठवायचं ठरवलं होतं... हो, तेव्हाही. सुधारलो नव्हतो. पण पंगतीत पाणी वाढताना वळून बघतो तर विहीणबाई आत्यापुढे हात जोडून उभ्या. आत्याच्या अंगावर निळं लुगडं होतं, कपाळावर काही नाही, तरी त्यांनी तिला लांबूनच ओळखलं होतं.

"आजी, शुक्रवारी तुम्ही जेवल्याशिवाय गेलात," त्या म्हणाल्या. "मला फार चुकल्यासारखं वाटलं."

 आता संपलं, असं वाटलं. आत्याने मान वर केली, विहीणबाईंकडे पाहिलं, मग सावकाश माझ्याकडे. आणि मग हसून म्हणाली, "व्हय बाय. शुक्रवारी घाई व्हती, पोर संगती व्हता. आज जेवन."

मी तिच्या पानात वाढलं. आत्या निवांत जेवली, दोनदा भात घेतला.

याला आता बरेच महिने झाले. यार्डात मी अजून तसाच आहे, नोंद नसेल तर गाडी उभी करतो. डोक्याने हजार वाटा शोधल्या. विहीणबाईंना कुणी नावं सांगितली असतील — दहा समजा सांगितली. अकरावं आत्याशिवाय जगात कुणाला माहीत नव्हतं, आणि आत्या त्या वेळी उलव्याला जात्यावर बसलेली होती, सुमनच्या डोळ्यांसमोर. विहीणबाई खोटं बोलणाऱ्या नाहीत, डायरीचं पान मी स्वतः पाहिलंय. 

दर रविवारी मी गावी जातो. आत्यासाठी मांदेली नाहीतर बोंबील घेऊन जातो, ओटीवर बसतो. ती बोलत असते, विमान आलं की हात वर करून थांबते. रविवारच्या त्या पंगतीत तिने माझी अब्रू राखायला 'व्हय' म्हटलं, की ती खरंच तिथे आली होती — हे मी तिला अजून विचारलेलं नाही. विचारायचं तर आधी मला माझ्या तोंडाने सांगावं लागेल की आत्या, हळद शुक्रवारी होती. तिला ते माहीत आहे. तिला माहीत आहे हे मलाही माहीत आहे. तरीही दर रविवारी मी मासळीची पिशवी तिच्या हातात देतो आणि तिच्या अर्ध्या बोटाकडे बघत दुसरंच काहीतरी बोलतो.